हार्ड डिस्कचं सोंग: आयडीई, एएचसीआय आणि रेड या तीन शब्दांमागची गोष्ट

आजचा भाग जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका, यात गोष्टच जास्त आहे. कानात हेडफोन असतील तर चालता-फिरता ऐका. वाचत असाल तर उत्तमच, कारण मध्ये मध्ये काही कमांड येणार आहेत आणि त्या नुसत्या ऐकून लक्षात राहत नाहीत.

असं समजा, घरात एक जुना पीसी पडून होता. तुम्ही त्यावर लिनक्स टाकलं आणि होम सर्व्हर बनवला. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो रात्री आपोआप तिथे जातात, बाबांचे घराचे कागद स्कॅन करून तिथेच ठेवलेत, लग्नाचे व्हिडिओ, गाणी, सगळं तिथे. दोन वर्षं कुणी त्या डब्याला हात लावलेला नाही. मग एक दिवस लाइट जाते, चांगली चार तास जाते, आणि परत आल्यावर सर्व्हर उठत नाही. स्क्रीन लावून बघितलं तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: रूट डिव्हाइस सापडत नाही.

बऱ्याचदा यामागे असतो मदरबोर्डवरचा गोल सेल. सीआर २०३२, अगदी काट्यावरच्या घड्याळासारख्या वस्तूंमध्ये बसणारा तो नाण्याएवढा सेल. तो संपलेला असतो, पण प्लगमधून वीज येत असते तोवर कळत नाही. वीज पूर्ण गेली की बायोस आपल्या सेटिंग विसरतं आणि कारखान्यातून निघताना जे होतं त्यावर परत जातं. त्या सेटिंगमध्ये एक ओळ असते, 'साटा मोड' किंवा 'साटा कॉन्फिगरेशन' अशा नावाची. तिच्यासमोर तीन पर्याय असतात: आयडीई, एएचसीआय, रेड. तुम्ही दोन वर्षांपूर्वी एएचसीआय निवडलं होतं. आता तिथे आयडीई किंवा रेड आहे.

आणि इथेच लोक घाई करतात. डिस्क मेली असं ठरवून नवीन इन्स्टॉल सुरू करतात, इन्स्टॉलर विचारतो "फॉरमॅट करू?", आणि आपण हो म्हणतो. डिस्कला काहीही झालेलं नसतं. एकूण एक फोटो जागेवर असतो. बदललेला असतो तो फक्त डिस्क आणि प्रोसेसर यांच्यामध्ये बसलेला चिप, ज्याला कंट्रोलर म्हणतात. त्याने वेगळं सोंग घेतलेलं असतं. बहुरूपी कालपर्यंत पोलीस बनून दारात यायचा, आज पोस्टमन बनून आलाय, आणि तुमचं लिनक्स दाराच्या फटीतून बघून म्हणतंय, आम्ही यांना ओळखत नाही.

आता प्रश्न असा की एकाच चिपला तीन सोंगं लागतातच कशाला? त्यासाठी चाळीस वर्षं मागे जावं लागेल.

१९८४ साली आयबीएमने पीसी एटी बाजारात आणला. त्यात २० एमबीची हार्ड डिस्क मिळायची. हो, एमबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एखादा व्हिडिओ त्यात मावणार नाही. त्या डिस्कमध्ये डोकं असं काही नव्हतं. फिरणारी तबकडी, हलणारा हात आणि थोडं सर्किट, एवढंच. डोकं होतं ते वेगळ्या कार्डावर. वेस्टर्न डिजिटल कंपनीने बनवलेलं हे कंट्रोलर कार्ड मदरबोर्डच्या खाचेत बसायचं आणि प्रोसेसर त्याच्याशी ठरलेल्या पत्त्यांवर बोलायचा. हेक्साडेसिमलमध्ये सांगायचं तर १एफ० पासून १एफ७ पर्यंतचे पत्ते, आणि काम झालं की कार्ड चौदा नंबरची घंटा वाजवणार, म्हणजे इंटरप्ट १४. हे आकडे लक्षात ठेवायची गरज नाही, पण ते विसरूही नका, कारण पुढची वीस-पंचवीस वर्षं सगळं जग या आठ पत्त्यांभोवती फिरलं.

१९८६ च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि आणखी काही कंपन्यांनी विचार केला की हे कार्डावरचं डोकं थेट डिस्कवरच बसवलं तर? केबल लहान होईल, खर्च वाचेल, सिग्नल स्वच्छ राहील. त्यातून आलं 'इंटिग्रेटेड ड्राइव्ह इलेक्ट्रॉनिक्स', म्हणजेच आयडीई. पण डॉस आणि बायोस तर एटीच्या त्या जुन्या कार्डाशी बोलायला शिकलेले. त्यांना कोण शिकवणार? मग सोपा मार्ग काढला: नवीन डिस्कने त्याच आठ पत्त्यांवर, त्याच कमांडना, त्याच पद्धतीने उत्तर द्यायचं. जणू वेस्टर्न डिजिटलचं ते कार्ड अजून तिथेच बसलेलं आहे. हे पहिलं सोंग. पुढे १९९४ मध्ये याचं अधिकृत मानक झालं, तेव्हा त्याचं नाव पडलं 'एटी अटॅचमेंट', एटीए. म्हणजे आज आपण ज्याला 'साटा' म्हणतो त्या शब्दातला 'एटी' हा १९८४ च्या आयबीएमच्या पीसीचा आहे. इतकी जुनी पाटी अजून दारावर आहे.

आता लिनक्स. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा लिनस टोरवाल्ड्स मिनिक्स वापरणाऱ्यांच्या न्यूजग्रुपवर लिहितो की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय, छंद म्हणून. त्या सुप्रसिद्ध संदेशाच्या शेवटी एक वाक्य आहे ज्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. तो म्हणतो की ही सिस्टिम बहुधा एटी हार्ड डिस्कशिवाय दुसरं काही चालवणार नाही, कारण माझ्याकडे तेवढंच आहे. आणि पुढे रडका चेहरा. म्हणजे लिनक्सची आणि या आठ पत्त्यांची गाठ पहिल्या दिवसापासूनची.

आणि याच डिस्कने त्याला एकदा रडवलंही. त्या काळात त्याने मॉडेमला फोन लावायच्या कमांड पाठवल्या, पण चुकून त्या मॉडेमच्या ऐवजी हार्ड डिस्कच्या डिव्हाइसवर गेल्या. मिनिक्सचं पार्टिशन खराब झालं. मिनिक्स परत टाकण्याऐवजी त्याने ठरवलं, आता लिनक्सवरच राहायचं. ज्यांना वाटतं की चुकीच्या डिस्कवर कमांड चालवणं हे फक्त नवशिक्यांचं काम आहे, त्यांच्यासाठी ही गोष्ट.

गोण्या कोण वाहणार?

त्या जुन्या पद्धतीत एक मोठी अडचण होती. डिस्कवरचा एक सेक्टर म्हणजे ५१२ बाइट. तो वाचायचा तर प्रोसेसरने १एफ० या पत्त्यावर २५६ वेळा जायचं आणि दर खेपेला दोन बाइट उचलून मेमरीत टाकायचे. याला म्हणतात पीआयओ. म्हणजे दुकानाच्या मालकाने गल्ला सोडून स्वतः ट्रकमधून एक-एक गोणी उतरवायची. तोवर गिऱ्हाईक उभं. दुसरी पद्धत डीएमए: हमाल ठेवायचा. कंट्रोलर स्वतःच माल थेट मेमरीत टाकणार आणि काम झालं की घंटा वाजवणार.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी चिप डीएमए करू शकत होते, पण बऱ्याच लिनक्स डिस्ट्रोंमध्ये ते सुरुवातीला बंद असायचं. कारण काही चिप खोटारडे होते. सीएमडी ६४० आणि आरझेड १००० हे दोन आयडीई चिप तर १९९५ च्या सुमारास कुप्रसिद्ध झाले. ते गुपचूप डेटा बिघडवायचे. मशीन बंद पडत नाही, एरर येत नाही, फक्त फाइल थोडी वेगळी होते. होम सर्व्हरवाल्यासाठी याहून वाईट काही नाही, कारण कळतं तेव्हा बॅकअपमध्येही तीच बिघडलेली फाइल गेलेली असते. लिनक्स कर्नलमध्ये या दोन चिपसाठी खास पर्याय होते, त्यांना वेसण घालणारे.

त्या काळात लिनक्सचा आयडीई ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मार्क लॉर्डने एक छोटं टूल लिहिलं, एचडीपार्म. 'एचडीपार्म डॅश डी एक' असं म्हटलं की डीएमए सुरू. त्या काळच्या लिनक्सवाल्यांना विचारा, ही कमांड त्यांना गायत्री मंत्रासारखी पाठ असायची. एका ओळीत डिस्कचा वेग कितीतरी पट वाढायचा. एचडीपार्म आजही आहे, आणि त्यात काही पर्याय इतके धोकादायक आहेत की ते चालवायला कमांडमध्येच 'मला माहीत आहे मी काय करतोय' अशा अर्थाचा इंग्रजी झेंडा पूर्ण टाइप करावा लागतो. आणखी एका झेंड्याचा अर्थ तर सरळ 'कृपया माझी डिस्क नष्ट करा' असा आहे. प्रोग्रामर लोकांचा विनोद कोरडा असतो, पण इथे तो उपयोगी आहे.

साटा आला, पण मुखवटा घालून

२००३ च्या सुमारास रुंद पट्टीसारखी केबल जाऊन साटाची बारीक केबल आली. जंपर गेले, मास्टर-स्लेव्ह गेलं. प्रत्येक डिस्कला स्वतःची वायर, वेग सेकंदाला दीड गिगाबिट. आता तरी त्या आठ पत्त्यांपासून सुटका व्हायला हवी होती, नाही का?

नाही झाली. कारण बाजारात होतं विंडोज एक्सपी, २००१ चं. इंटेलने २००४ मध्ये एएचसीआय नावाचं नवं मानक आणलं, म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स्ड होस्ट कंट्रोलर इंटरफेस'. जुने पत्ते विसरा, कंट्रोलरशी मेमरीतून नीट बोला, एका वेळी डिस्कला ३२ कामं सांगून ठेवा, चालू मशीनमध्ये डिस्क काढा-घाला. पण एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हरच नव्हता. इन्स्टॉल करताना एफ६ बटण दाबून ड्रायव्हर द्यायची सोय होती, पण तो फ्लॉपीवरूनच द्यावा लागे. ज्या लॅपटॉपला फ्लॉपी ड्राइव्हच नाही त्याने काय करायचं? ड्रायव्हर नाही दिला तर निळी स्क्रीन, कोड ७बी.

मग मदरबोर्ड कंपन्यांनी तेच केलं जे १९८६ मध्ये झालं होतं. साटाच्या नव्याकोऱ्या चिपला सांगितलं, तू जुन्या आयडीईचं सोंग घे. एक्सपीला वाटेल समोर जुनीच डिस्क आहे. ज्याला एएचसीआय हवं तो बायोसमध्ये जाऊन बदलेल. अनेक बोर्डांवर कारखान्यातून आयडीई मोडच यायचा, त्याचं कारण हे. म्हणजे २००१ च्या एका सीडीसाठी तुमचा २०१० चा पीसी आजही सेल संपल्यावर १९८४ च्या कार्डाचं रूप घेतो. मला विचाराल तर बायोसमधल्या त्या एका ओळीची ही सगळी कर्मकथा आहे.

आपल्याकडच्या जुन्या पीसींबाबत एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या दुकानातून असेंबल करून घेतलेल्या त्या काळच्या स्वस्त पीसींमध्ये इंटेलच्या जी३१ किंवा जी४१ चिपसेटचे बोर्ड भरपूर दिसतात. त्यांच्यासोबत बहुधा आयसीएच७ हा चिप असतो, आणि त्याच्या साध्या डेस्कटॉप आवृत्तीत एएचसीआय नाहीच. बायोसमध्ये कितीही शोधलंत तरी तो पर्याय सापडणार नाही. बायोस अपडेट करूनही येणार नाही. तिथे आयडीई मोडवर समाधान मानायचं, डिस्क व्यवस्थित चालते.

आता हे 'सोंग' नेमकं कसं घेतलं जातं? मशीन सुरू होताना प्रत्येक चिप आपली ओळख सांगतो, त्यात एक वर्गाचा आकडा असतो, क्लास कोड. आयडीईचा आकडा ०१०१. साटाचा, म्हणजे एएचसीआयचा, ०१०६. रेडचा ०१०४. बायोसमध्ये मोड बदलता तेव्हा चिप हा आकडा बदलून सांगतो आणि त्यानुसार आपलं वागणंही बदलतो. कर्नल आकडा आणि चिपचा नंबर बघतो आणि ठरवतो कुठला ड्रायव्हर लावायचा. इंटेलच्या चिपवर आयडीई असेल तर 'एटीए-पीआयआयएक्स', एएचसीआय असेल तर 'एएचसीआय'.

म्हणून सर्व्हर उठला नाही की पहिलं काम: लाइव्ह यूएसबीवरून लिनक्स सुरू करा आणि 'एलएसपीसीआय डॅश एनएन' चालवा. यात डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. चौकटी कंसात तो चार आकडी वर्ग दिसेल. 'डॅश के' जोडलंत तर कुठला ड्रायव्हर लागलाय तेही दिसेल. बहुरूप्याचा मुखवटा इथे उतरतो.

दुसरी खूण आणखी मजेदार आहे. 'डीमेसेज' कमांडने कर्नलची बडबड वाचा आणि त्यात 'एनसीक्यू' शोधा. एनसीक्यू म्हणजे ती ३२ कामांची रांग. पेपरवाल्याचं उदाहरण घ्या. त्याला एकेक पत्ता सांगत बसलात तर तो सातव्या मजल्यावर जाईल, मग पहिल्यावर, मग परत सहाव्यावर. सगळी यादी एकदम दिलीत तर तो आपणच क्रम लावून एका फेरीत काम संपवेल. आता त्या ओळीत कंसात '३१/३२' किंवा नुसतं '३२' दिसलं तर रांग चालू आहे. ३१ का? कारण बरीच वर्षं कर्नल एक जागा स्वतःच्या अडीअडचणीसाठी राखून ठेवत असे. पण '०/३२' दिसलं तर समजा की डिस्क ३२ कामं घ्यायला तयार आहे आणि मधला कंट्रोलर आयडीईचं सोंग घेऊन बसलाय, त्याला रांग माहीतच नाही.

त्याच बडबडीत 'कॉन्फिगर्ड फॉर यूडीएमए/१३३' असंही दिसेल, अगदी नव्या साटा एसएसडीवरसुद्धा. हे वाचून आपली डिस्क १३३ एमबीवर अडकली असं समजू नका. साटामध्ये त्या आकड्याला अर्थ नाही, तो पट्टीवाल्या केबलच्या काळातला उरलेला शब्द आहे. खरा वेग त्याच्या आसपासच्या 'साटा लिंक अप' या ओळीत असतो.

एचडीएचं एसडीए झालं त्या दिवशी

साटा आला तसा जेफ गार्झिकने लिनक्ससाठी नवा ढाचा लिहायला घेतला, 'लिबएटीए'. तो स्कझी डिस्कसाठी असलेल्या यंत्रणेवर उभा होता, म्हणून त्यातून येणाऱ्या डिस्कना 'एचडीए' ऐवजी 'एसडीए' असं नाव मिळू लागलं. २००६ मध्ये, कर्नल २.६.१९ मध्ये, अ‍ॅलन कॉक्सचे जुन्या आयडीई चिपसाठीचे ड्रायव्हरही याच ढाच्यात आले, आणि २००७ च्या फेडोरा ७ ने सगळ्याच डिस्कना एसडी म्हणायला सुरुवात केली. ज्यांनी 'एफस्टॅब' फाइलमध्ये एचडीए१ असं हाताने लिहिलं होतं त्यांचे सर्व्हर अपडेटनंतर उठले नाहीत. एक छोटी गंमत: जुन्या आयडीई ड्रायव्हरला एका डिस्कवर ६३ पार्टिशन चालायची, नव्याला तेव्हा फक्त १५. पंधराहून जास्त पार्टिशन करणारे हौशी लोक जगात होते, आणि त्यांनी आवाजही केला.

या घोळातून एक चांगली सवय लागली: डिस्कला नावाने नाही, यूयूआयडीने ओळखायचं. फाइल सिस्टिमवर कोरलेला तो लांबलचक नंबर कंट्रोलर कुठलाही असो, बदलत नाही. तुमच्या एफस्टॅबमध्ये अजून 'एसडीए१' लिहिलेलं असेल तर आजच 'बीएलकेआयडी' कमांड चालवून बदला. कारण मोड बदलला की डिस्कचा क्रमही बदलू शकतो, कालची एसडीए आज एसडीबी होते.

पण यूयूआयडी असूनही सर्व्हर अडतो, त्याचं कारण वेगळं आहे. कर्नल सुरू होतो तेव्हा त्याच्यासोबत एक छोटी पोतडी येते, इनिट-रॅम-एफएस. त्यात सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असतात. काही डिस्ट्रो पोतडीत सगळ्या तऱ्हेचे ड्रायव्हर भरतात. काही ठिकाणी जागा वाचवायला फक्त त्या मशीनवर त्या दिवशी दिसलेले भरले जातात. दुसऱ्या प्रकारात आयडीई मोडमध्ये पोतडी बनली असेल तर तीत एएचसीआय नसतोच. उपाय: आधी बायोसमध्ये जुना मोड परत लावा, सिस्टिम उठवा, पोतडीत दोन्ही ड्रायव्हर घालून ती नव्याने बनवा, आणि मगच मोड बदला. क्रम उलटा केला तरी काही जळत नाही, फक्त परत बायोसमध्ये जावं लागतं. आयडीई आणि एएचसीआय यांच्यात बदल केल्याने डिस्कवरच्या डेटाला धक्का लागत नाही.

पाचव्या डिस्कची कहाणी

होम सर्व्हरवाल्यांच्या जगात हा विषय सर्वात जास्त गाजला तो एचपीच्या मायक्रोसर्व्हरमुळे. २०१० मध्ये एन३६एल आला, पुढच्या वर्षी एन४०एल. घनाकार छोटा डबा, आत एएमडीचा कमी वीज खाणारा प्रोसेसर, समोर दार, आत चार डिस्कचे कप्पे. हौशी लोकांनी तो उचलून धरला. वर डीव्हीडी ड्राइव्हची जागा होती, तिथे पाचवी डिस्क बसायची. आणि बसवल्यावर कळायचं की ही पाचवी डिस्क काहीतरी गडबड आहे.

झालं असं होतं की एएमडीच्या त्या चिपमध्ये सहा पोर्ट होते आणि 'कम्बाइन्ड मोड' नावाची सोय होती. चार पोर्ट एएचसीआय म्हणून चालणार, उरलेले दोन आयडीईचं सोंग घेणार. एचपीच्या बायोसने ते दोन, म्हणजे डीव्हीडीचा पोर्ट आणि मागचा ई-साटा, आयडीईमध्ये ठेवले होते आणि बदलायचा पर्याय दिला नव्हता. डीव्हीडी ड्राइव्हसाठी ते चाललं असतं. पण पाच डिस्कचा झेडएफएस किंवा एमडी रेड करणाऱ्याच्या चार डिस्क रांगेत काम घेणार आणि पाचवी एकेक काम विचारत बसणार, आणि सगळा ताफा सर्वात मंद गड्याच्या चालीने चालणार. शेवटी कुणीतरी बायोसमध्येच फेरफार करून लपवलेले पर्याय उघडे केले आणि तो बायोस हातोहात फिरला. चुकलं तर मशीनची वीट होणार हे माहीत असूनही लोकांनी तो टाकला.

लिनक्सने इथे एक धाडस केलेलं आहे जे मला फार आवडतं. कर्नलच्या पीसीआय विभागात चिपच्या खोडी दुरुस्त करणारी एक फाइल आहे. त्यात एएमडीच्या या घराण्यातल्या साटा चिपसाठी तुकडा आहे: चिप स्वतःला आयडीई म्हणवत असेल तर कर्नल त्याचा वर्गाचा आकडाच बदलून एएचसीआय करतो. बायोसला न विचारता. म्हणजे दारातल्या बहुरूप्याचा मुखवटा घरच्यांनीच ओढून काढला. कम्बाइन्ड मोडमधल्या त्या दोन पोर्टांना मात्र याचा उपयोग नव्हता, कारण ते वेगळ्याच, पाटाच्या कंट्रोलरमागे जोडलेले दिसायचे आणि त्यांना 'पाटा-एटीआयआयएक्सपी' हा ड्रायव्हर लागायचा.

रेड नावाचा पडदा

राहिलं तिसरं सोंग. बायोसमधलं 'रेड' म्हणजे खरं हार्डवेअर रेड नव्हे. गणित सगळं ड्रायव्हर आणि प्रोसेसरच करतात. साध्या साटा डिस्क असतील तर इंटेलच्या रेड मोडमध्येही लिनक्सचा एएचसीआय ड्रायव्हर त्यांना बघू शकतो. गडबड झाली ती एनव्हीएमई आल्यावर. इंटेलने रेड मोडमध्ये एनव्हीएमई एसएसडीला साटा कंट्रोलरच्या मागे लपवायला सुरुवात केली, जेणेकरून विंडोजमध्ये त्यांचाच ड्रायव्हर लागेल. २०१६ मध्ये लेनोव्होच्या योगा ९०० आयएसके२ या लॅपटॉपवर बायोस रेडमध्येच कुलूपबंद होतं आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. इंटरनेटवर आरडाओरडा झाला की मायक्रोसॉफ्टने मुद्दाम लिनक्स बंद केलंय. मॅथ्यू गॅरेटने शांतपणे समजावलं की कारण हा कंट्रोलर मोड आहे आणि त्यासाठीचा ड्रायव्हर इंटेलने लिनक्सला दिलेला नाही. पुढे लेनोव्होने लिनक्सवाल्यांसाठी वेगळं बायोस दिलं.

तेव्हापासून कर्नल स्वतःच सांगतो: इतक्या एनव्हीएमई डिस्क लपवलेल्या सापडल्या, बायोस रेडवरून एएचसीआयवर न्या. जुना लॅपटॉप किंवा मिनी पीसी सर्व्हर म्हणून वापरत असाल आणि इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल, तर डीमेसेजमध्ये 'रीमॅप्ड' हा शब्द शोधा. नव्या इंटेल मशीनवर हाच पडदा 'व्हीएमडी' या नावाने येतो, पण त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे, त्यामुळे तिथे डोकेदुखी कमी.

रेडबाबत दोन सावधगिरीच्या गोष्टी. मोड रेड झाला म्हणून डेटा जात नाही. पण बूट होताना येणाऱ्या रेडच्या मेन्यूत जाऊन 'व्हॉल्यूम बनवा' म्हणालात तर जातो, तिथे हात लावू नका. आणि दुसऱ्या कुणाच्या मशीनमधली जुनी डिस्क आणून लावलीत आणि ती नीट माउंट होत नसेल तर बीएलकेआयडी चालवा. 'आयएसडब्ल्यू रेड मेंबर' असं आलं तर त्या डिस्कच्या शेवटी इंटेल रेडची जुनी पाटी चिकटलेली आहे. ती पुसण्याआधी आत काय आहे ते कॉपी करून घ्या.

लिनक्समधला तो मूळ आयडीई ड्रायव्हर, एचडीएवाला, ऑगस्ट २०२१ मध्ये कर्नल ५.१४ मधून कायमचा काढला गेला. क्रिस्टॉफ हेलविगने तो काढला. तीस वर्षांपूर्वी ज्याच्याशिवाय दुसरं काही चालणार नाही असं लिनस म्हणाला होता, त्याचा तो वारसदार. जुन्या आयडीई डिस्क मात्र आजही लिनक्सवर चालतात, लिबएटीएतून, एसडीए नावाने.

बाकी, होम सर्व्हर चालवणाऱ्यांनी या आठवड्यात एक करा: मशीन उठेल तेव्हा बायोसमध्ये जाऊन साटा मोडच्या त्या पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. आणि तो फोटो त्याच सर्व्हरवर ठेवू नका. सेल बदलायचा असेल तर दुकानात सीआर २०३२ म्हणून मागा. पुढच्या भागात भेटू.